'प्रिन्सेस' म्हणजे राजाची मुलगी की युवराजाची पत्नी?

या वेळच्या टपालात एकाच शब्दाभोवती फिरणारी पाच पत्रे आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे सबंध सदर 'प्रिन्सेस'ला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : डायना यांच्याविषयी वाचताना कुठे 'राजकन्या डायना', कुठे 'राजकुमारी डायना', तर कुठे 'युवराज्ञी डायना' असे आढळते. मी हौसेने अनुवाद करते. 'प्रिन्सेस'साठी यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : डायना यांच्यापुरते उत्तर सोपे आहे. त्या कोणत्याही राजाच्या कन्या नव्हत्या. त्यांचे वडील स्पेन्सर घराण्यातील उमराव होते. १९८१ मध्ये युवराज चार्ल्स यांच्याशी विवाह झाल्यामुळे त्या 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' झाल्या, म्हणून मराठीत त्यांना 'युवराज्ञी' म्हणणे बरोबर आणि 'राजकन्या' म्हणणे चूक. ज्या दोघींना आपण इंग्रजीतून एकाच शब्दाने ओळखतो, त्यांतली एक राजाच्या घरी जन्मलेली असते आणि दुसरी त्या घरी सून म्हणून आलेली असते, एवढे ध्यानात ठेवले की अर्धा गोंधळ मिटतो.

उरलेला अर्धा मात्र मुळातच इंग्रजी शब्दात आहे. 'राजकन्या' हा शब्द नाते सांगतो: राजाची कन्या. 'प्रिन्सेस' हा शब्द नाते सांगत नाही, दर्जा सांगतो, आणि तो दर्जा जन्माने, लग्नाने किंवा स्वतःच्या अधिकाराने, अशा तीन वाटांनी येऊ शकतो. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'प्रिन्सेप्स' या शब्दात आहे. पहिले स्थान घेणारा, अग्रणी, असा त्याचा अर्थ. रोमन लोकांना 'राजा' या शब्दाचा तिटकारा असल्याने ऑगस्टसने स्वतःला राजा न म्हणवता हे सौम्य बिरुद वापरले. म्हणजे ज्या शब्दातून पुढे राजपुत्र आणि राजकन्या निघाल्या, तो मुळात राजा न म्हणवून घेण्यासाठी पुढे केलेला शब्द होता. फ्रेंचमधून इंग्रजीत उतरताना त्यात 'राज्यकर्ता' हा अर्थ शिल्लक राहिला होताच. इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीच्या प्रसिद्ध ग्रंथातला 'प्रिन्स' हा कोणाचा मुलगा नाही, तो सत्ताधीश आहे, आणि त्याला मराठीत 'राजपुत्र' म्हणणाऱ्याने ग्रंथाचा विषयच बदलून टाकला असे समजावे. मोनॅको या छोट्या देशाचा प्रमुख आजही 'प्रिन्स' म्हणवतो. १९५६ मध्ये अभिनेत्री ग्रेस केली यांनी तिथल्या प्रिन्स रेनिए यांच्याशी विवाह केला तेव्हा त्या 'प्रिन्सेस' झाल्या. पण नवरा गादीवर बसलेला असल्याने मराठीत त्यांना 'राणी' म्हणणेच अर्थाला धरून होईल.

ब्रिटिश रिवाज तर अनुवादकाची परीक्षाच पाहतो. तिथल्या संकेतानुसार स्वतःच्या नावाआधी 'प्रिन्सेस' लावण्याचा मान साधारणपणे जन्माने प्रिन्सेस असलेल्या स्त्रीचा. त्यामुळे जगभर रूढ झालेले 'प्रिन्सेस डायना' हे संबोधन औपचारिक दृष्टीने कधीच बरोबर नव्हते. १९९६ मध्ये घटस्फोट झाल्यावर त्यांचे नाव 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स' असे लिहिले जाऊ लागले. नाव आधी आणि बिरुद मागून, ही तिथे घटस्फोटित पत्नीची खूण आहे. लग्नाने आलेली प्रिन्सेस नवऱ्याचे बिरुद त्याच्या नावासकट धारण करते, म्हणूनच 'प्रिन्सेस मायकेल ऑफ केंट' असे नाव वाचून मुद्रणदोष समजून ते दुरुस्त करायला जाऊ नये. मायकेल हे त्यांच्या पतीचे नाव आहे. २०१३ मध्ये डायना यांच्या सूनबाई कॅथरिन यांच्या थोरल्या मुलाचा, जॉर्जचा, जन्म नोंदवताना आईच्या व्यवसायाच्या रकान्यात 'युनायटेड किंग्डमची प्रिन्सेस' असे लिहिले गेले. त्या वेळी लोक त्यांना डचेस (ड्यूकची पत्नी) म्हणूनच ओळखत होते, आणि व्यवसायाच्या रकान्यात दर्जा लिहिण्याची ही सोय इतर कोणाला मिळत असेल असे वाटत नाही.

सगळ्यात चांगले उदाहरण स्पेनचे आहे. राजे सहावे फेलिपे यांना दोन मुली. थोरली लिओनोर ही गादीची वारस असल्याने 'प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास' आहे, आणि धाकटी सोफिया ही 'इन्फान्ता' आहे, प्रिन्सेस नाही. आईबाप तेच, घर तेच, तरी दर्जा वेगळा. मराठीत मात्र दोघीही निःसंशय राजकन्या, कारण दोघींचाही बाप राजा आहे. स्वीडनच्या व्हिक्टोरिया यांचा प्रसंग आणखी निराळा. तिथे १९८० पासून मुलगा-मुलगी भेद न करता थोरल्या अपत्याला गादीचा हक्क देणारा कायदा लागू झाला, आणि तोवर युवराज असलेल्या सात महिन्यांच्या भावाच्या जागी त्या वारस झाल्या. इंग्रजीत त्यांना 'क्राउन प्रिन्सेस' म्हणतात. आपल्याकडे 'युवराज्ञी' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे युवराजाची पत्नी येते, म्हणून मी त्यांच्यासाठी 'गादीची वारस राजकन्या' असे चार अक्षरे जास्त खर्चून लिहीन.

तेव्हा 'प्रिन्सेस' समोर आली की शब्दकोश उघडण्याआधी हिचा बाप राजा आहे, नवरा युवराज आहे की राज्य हिचेच आहे, ते पाहावे. उत्तर मिळाले की मराठी शब्द आपोआप सुचतो.

प्रश्न : 'राजकन्या' आणि 'राजकुमारी' यांत काही फरक आहे का, की एक मराठी आणि दुसरा हिंदी एवढेच?

उत्तर : दोन्ही शब्द संस्कृत आहेत आणि दोन्ही मराठीत जुने आहेत. मात्र कानाला ते सारखे लागत नाहीत हे खरे आहे. 'कुमारी' या शब्दात वय आणि अविवाहितपण दोन्ही दडलेले आहेत, नावाआधी 'कु.' लिहितो ते त्यामुळेच. 'कन्या' या शब्दालाही कुमारिका असा एक जुना अर्थ आहे, पण आजच्या मराठीत 'कन्या' म्हणजे आधी मुलगी, मग ती चार वर्षांची असो की सत्तर वर्षांची. ब्रिटनच्या ॲन यांचा जन्म १९५० चा आहे, त्यांना नातवंडे आहेत. त्यांना 'राजकन्या ॲन' म्हणताना काही खटकत नाही, 'राजकुमारी ॲन' म्हणताना माझ्या कानाला तरी खटकते. उलट, नावाला जोडून बिरुदासारखा वापरायचा असेल तर 'राजकुमारी' अधिक रुळलेला आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या होत्या आणि त्यांचे ते बिरुद नावाचाच भाग झाले होते. तिथे 'राजकन्या' घालून चालणार नाही.

गोष्टींत मात्र राज्य 'राजकन्ये'चेच. तिच्या जोडीला 'राजपुत्र' असतो, 'राजपुत्री' नसते, हीही मराठीची गंमत. 'राजपुत्री', 'राजसुता', 'राजतनया' हे शब्द काव्यापुरते उरले. 'राजनंदिनी' हा त्यांच्याच जातीचा शब्द विशेषनाम होऊन बसला, आणि त्यामुळे आज तो ऐकल्यावर राजाची मुलगी नव्हे, तर शेजारची कोणी मुलगी आठवते.

पण खरे पाहता आपल्या जुन्या वाङ्मयात राजकन्येला असल्या सामान्यनामाची फारशी गरजच पडत नसे, कारण तिच्या नावातच ती कोणाची हे सांगितलेले असे. जनकाची ती जानकी, विदेहाची ती वैदेही, द्रुपदाची ती द्रौपदी, पांचालांची ती पांचाली, केकयांची कैकेयी, मद्रांची माद्री, गांधारची गांधारी. दमयंती आणि रुक्मिणी दोघीही विदर्भाच्या, म्हणून दोघीही वैदर्भी. ही सारी नावे म्हणजे बापाचा किंवा माहेरच्या राज्याचा पत्ता आहे, आणि तो लग्नानंतरही बदलत नाही. पाच पांडवांची पत्नी झाल्यावरही द्रौपदी द्रुपदाचीच राहिली. वर सांगितलेल्या 'प्रिन्सेस मायकेल'च्या शेजारी हे ठेवून पाहावे: तिकडे बिरुद नवऱ्याचे नाव घेऊन फिरते, इकडे बापाचे. आपल्याला अभिमान वाटावा असे त्यात फार काही आहे असे मात्र नाही, कारण द्रौपदीचे स्वतःचे नाव कृष्णा होते आणि कुंतीचे पृथा, ही माहिती आज मुद्दाम सांगावी लागते.

फारसीतून आलेल्या 'शहजादी'चाही कल जन्माकडेच आहे. 'जादा' म्हणजे जन्मलेला. शहाच्या पोटी आली ती शहजादी. याच प्रत्ययाने आपल्याला एक ठसठशीत शिवीही दिली आहे, ती वाचकांना ठाऊक आहेच.

प्रश्न : मुलीच्या निबंधात 'राजकन्याने हट्ट धरला' असे वाक्य होते. शिक्षकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. ती म्हणते, सगळे असेच बोलतात. तसेच 'प्रिन्सेस'चे अनेकवचन मराठीत कसे करावे?

उत्तर : लाल रेघ योग्य आहे. आकारान्त स्त्रीलिंगी सामान्यनामाला विभक्तीचा प्रत्यय लागताना शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो: शाळा–शाळेत, माता–मातेने, तसेच राजकन्या–राजकन्येने, राजकन्येला, राजकन्येचा. हाक मारताना 'राजकन्ये'. विशेषनामांना मात्र बोलीत ही सूट मिळते. छायाला, विद्याने असे आपण म्हणतो. त्यामुळे एखाद्या मुलीचे नावच राजकन्या असेल, तर तिच्याविषयी 'राजकन्याने हट्ट धरला' हे वाक्य खपून जाईल. कन्येला हा युक्तिवाद सांगू नये, ती पुढच्या निबंधात वापरेल.

'राजकन्या'चे अनेकवचनही 'राजकन्या'च. एक राजकन्या आली, सात राजकन्या आल्या. आता 'राजकन्या आल्या' एवढेच वाक्य असेल, तर पुष्कळ आल्या की मानाने बोललेली एकच आली, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरवावे लागते. प्रत्यय लागल्यावर 'राजकन्यांनी', 'राजकन्यांना' असा उलगडा होतो. 'राजकुमारी'चे अनेकवचन कोणी 'राजकुमारी' असेच ठेवतात, कोणी 'राजकुमाऱ्या' करतात. मला दुसरे रूप ओबडधोबड वाटते, त्यामुळे अनेकवचनाचा प्रसंग आला की मी गुपचूप 'राजकन्यां'कडे वळतो.

'प्रिन्सेस' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे आणि तो बदलत नाही: एक प्रिन्सेस, दोन प्रिन्सेस, प्रिन्सेसने, प्रिन्सेसला. त्यात एक खाचखळगा मात्र आहे. इंग्रजीत 'प्रिन्स'च्या अनेकवचनाला शेवटी आणखी एक 'एस' जोडला की 'प्रिन्सेस' तयार होते. म्हणजे अनेकवचनी पुरुषांना अनेकवचनाचीच खूण पुन्हा लावावी आणि एकटी स्त्री मिळावी, असा तो चमत्कार आहे. इंग्रजीत दोन्हींचे लेखन आणि उच्चार वेगळे राहतात, पण देवनागरीत बहुतेक लोक दोन्ही 'प्रिन्सेस' असेच लिहितात. ब्रिटिश सरकार आपल्या सम्राटापुढे हिंदुस्थानातल्या राजांना राजे म्हणत नसे, 'प्रिन्स' म्हणत असे, आणि त्यांच्यासाठी १९२१ मध्ये जी सभा सुरू झाली तिचे इंग्रजी नाव देवनागरीत 'चेंबर ऑफ प्रिन्सेस' असे छापलेले पाहून एका तरुण वाचकाने मला विचारले होते की, राजकन्यांची स्वतंत्र सभा कशासाठी भरत असे? मराठीत त्या सभेला 'नरेंद्र मंडळ' असे नेटके नाव होते. ते वापरले की प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा त्याच्या मुलीला दिवसभर 'प्रिन्सेस' म्हणतो. 'प्रिन्सेस, जेवलीस का? प्रिन्सेस, झोपायचं ना?' आपल्या भाषेत लाडाचे शब्द नाहीत काय?

उत्तर : भरपूर आहेत, आणि आपणही नातीला त्यांतल्या एखाद्याने हाक मारत असालच. तक्रार रास्त आहे, पण तिचे कारण मी थोडे वेगळे मांडतो.

मराठीत लेकराला गोंजारताना आपण 'राजा' म्हणतो, आणि विशेष म्हणजे मुलीलाही म्हणतो. 'असं नाही करायचं राजा', 'ये गं राजा, किती दमलीस' ही वाक्ये मराठी घरात मुलीच्या वाट्याला सर्रास येतात, आणि तिथे 'राजा' या शब्दाचे पुल्लिंग कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्या जोडीला 'राणी' आहे, 'सोन्या' आहे, 'छकुली' आहे. 'राजकन्या' मात्र या यादीत पूर्वी नव्हती. ती गोष्टीत राहणारी, तिच्याविषयी बोलायचे असे, तिच्याशी नव्हे. शिवाय गोष्टीतही ती पुष्कळदा बक्षिसाची वस्तू असे. पैज जिंकणाऱ्याला 'अर्धे राज्य आणि राजकन्या' मिळे. एखादे क्षुल्लक काम करून कोणी फार अपेक्षा ठेवू लागला, की 'आता काय अर्धं राज्य देऊ?' असे आपण अजून विचारतो. त्या वाक्यातून राजकन्या गळून गेली, हे बरेच झाले. संस्कृत नाटकांत दासी राजकन्येला 'भर्तृदारिका' म्हणून हाक मारत; अर्थ, धन्याची मुलगी. म्हणजे तिथेही पुन्हा बापच.

आता फरक पाहावा. 'राजा' म्हटले की सारी सत्ता त्या पाळण्यातल्या बाळाकडे जाते आणि म्हणणारा प्रजा होतो. 'प्रिन्सेस' म्हटले की ती राजाची मुलगी होते, आणि मग राजा कोण, हे वेगळे सांगायला नको. आपल्या चिरंजीवांच्या मनात असा काही विचार असेल असे मी म्हणत नाही. ते इंग्रजी शब्द त्याच्या गोडव्यासाठीच घेत असणार, आणि चार वर्षांच्या मुलीला तो गोडच लागणार. खटकण्याजोगी गोष्ट पुढे येते. इंग्रजीत हाच शब्द मोठ्या स्त्रीला उद्देशून परक्याने वापरला तर तो सलगीचा किंवा हिणवण्याचा होतो, आणि 'ती अगदी प्रिन्सेस आहे' याचा अर्थ लाडावलेली, दुसऱ्याने सगळे हातात आणून द्यावे असे समजणारी, असा होतो. हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोष्टीतली राजकन्या वीस गाद्यांखाली ठेवलेला एक वाटाणा टोचला म्हणून रात्रभर तळमळते. गोष्टीत ती तिच्या अस्सलपणाची कसोटी आहे; आज बोलताना मात्र तो दाखला नाजूकपणाच्या चेष्टेसाठी दिला जातो.

मराठीला असा टोमणा मारायचा झाला तर ती राजकन्येला हात लावत नाही. ती पायरी चढवते. 'उठल्या का राणीसरकार?', 'महाराणींना चहा हवाय वाटतं', 'नवाबजादी कुठे निघाल्या?' इथे खरे काम नामापेक्षा क्रियापद करते: ज्या मुलीला एरवी 'उठलीस का' म्हणतो, तिच्यासाठी एकाएकी आदरार्थी बहुवचन आले की तिने समजावे, आज काही खरे नाही. इंग्रजीला ही सोय नाही, म्हणून त्यांना एकाच 'प्रिन्सेस'वर लाड आणि टोमणा दोन्ही लादावे लागतात आणि भेद सुरावर सोडावा लागतो.

नातीला वडिलांनी 'प्रिन्सेस' म्हणावे आणि आपण 'राजा' म्हणावे. दोन्ही हाकांना ती ओ देईल, अशी मला खात्री आहे.

प्रश्न : मी शिवणकाम करते. 'प्रिन्सेस कट' ब्लाउजमधली प्रिन्सेस कोण?

उत्तर : या कटाचे नाव सामान्यतः अलेक्झांड्रा यांच्याशी जोडले जाते. त्या डेन्मार्कच्या राजकन्या आणि ब्रिटनच्या युवराज्ञी होत्या, म्हणजे पहिल्या उत्तरातल्या दोन्ही अर्थांनी प्रिन्सेस. १८७० च्या दशकात कमरेवर आडवी शिवण न घेता, खांद्यापासून खालपर्यंत उभे तुकडे जोडून अंगासरशी बसवलेला पोशाख लोकप्रिय झाला, त्याला हे नाव मिळाले. आपण ब्लाउज शिवताना टक्स न घालता खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून निघणाऱ्या उभ्या शिवणीतच तो आकार काढता, ते तेच तंत्र. इथे 'राजकन्या छेद' वगैरे मराठी नाव शोधण्याच्या भानगडीत पडू नये. गिऱ्हाईक 'प्रिन्सेस कट' म्हणूनच मागणार.

हिऱ्यांतला 'प्रिन्सेस कट' याहून वेगळा. तो चौकोनी पैलूंचा प्रकार १९८० नंतर लोकप्रिय झाला आणि त्याचा कोणत्याही राजघराण्याशी संबंध नाही, नाव केवळ रुबाबासाठी आहे. त्याचे चारही कोपरे टोकदार असल्याने टवका उडण्याची भीती असते, म्हणून कोंदणात नेमके ते कोपरे झाकून धरावे लागतात.